नागपूरची ओल आणि गिटार: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

गिटारच्या 'ह्युमिडिटी केअर'च्या नावाखाली ऑनलाइन जे विकलं जातं, त्यातला बराच माल ओलीसाठी नसतोच. थंड देशांत हिवाळाभर घरं गरम ठेवतात, आतली हवा कोरडी पडते आणि लाकूड तडकतं. म्हणून तिकडे साउंडहोलमध्ये (गिटारच्या गोल भोकात) लटकवायचे ओले स्पंज आणि पाणी धरणाऱ्या रबरी नळ्या निघाल्या. या वस्तू गिटारला पाणी देतात, काढून घेत नाहीत. पाकिटावर मात्र 'ह्युमिडिटी कंट्रोल' लिहिलेलं असतं, त्यामुळे जुलैत भिंतीला पोपडे दिसले की लोक नेमकं हेच मागवतात. सादळलेल्या पापडावर पाणी शिंपडण्यातला प्रकार.

या आढाव्यात बाजारात मिळणाऱ्या सगळ्या तऱ्हा घेतल्या आहेत: मीटर, केस, सिलिका जेल, दुतर्फा पाकिटं, ओल शोषणारे डबे, डीह्युमिडिफायर आणि घरात आधीपासून असलेला एसी. किमती ढोबळ समजा, दुकानागणिक फरक पडतो.

आधी नागपूरचा हिशेब

गिटारला 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मोठ्या कंपन्या साधारण हाच पट्टा सांगतात. 40 ते 60 मध्ये राहिली तरी फारसं बिघडत नाही. अडचण अशी, की नागपूर या पट्ट्यात टिकून राहत नाही. एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, ऑगस्टच्या सकाळी 85-90 असते. मुंबईचा किंवा कोकणातला सल्ला इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथे प्रश्न बारमाही ओलीचा, इथे झोक्याचा. इथल्या गिटारला वर्षातले काही महिने पाणी हवं असतं आणि काही महिने नको असतं. एकच वस्तू वर्षभर ठेवून द्या म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

त्यात आपला डेझर्ट कूलर. पावसाळ्यातल्या ओलीबद्दल सगळे बोलतात, पण नागपुरात गिटार पहिल्यांदा भिजते ती नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधीच, कूलरसमोर. हिशेब सोपा आहे. बाहेर 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या खशीतून येणारी हवा साधारण 26 अंशांवर येते आणि तिची आर्द्रता 70-75 टक्क्यांवर जाते. खिडकीतला मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पितो. ते सगळं पाणी खोलीत येतं, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी नसेल तर खोलीतच साचतं. कूलर बंद झाला, रात्री लाइट गेली, दार उघडं राहिलं की हवा पुन्हा कोरडी. रोजचा हा झोका पावसाळ्यातल्या सलग ओलीपेक्षा वाईट. सलग ओलीत लाकूड एकदा फुगून तिथेच थांबतं तरी, रोजच्या झोक्यात ते सारखं हलत राहतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: कूलर ज्या खोलीत आहे तिथे गिटार स्टँडवर ठेवू नका. दुसरी खोली नसेलच तर निदान कूलरच्या झोतात नको, केसमध्ये बंद असू द्या. कूलर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पंप बंद करून नुसता पंखा चालवला तर खस वाळते आणि खोलीतली ओलही बरीच बाहेर निघते.

लाकडात नेमकं काय होतं

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. 50 टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण 9 टक्के पाणी असतं, 80 टक्क्यांत ते 15-16 पर्यंत जाऊ शकतं. गिटारचा स्प्रूसचा टॉप (पुढची लाकडी फळी) खालच्या बाजूला 40 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. त्यातलं पाणी 9 वरून 13 टक्क्यांवर गेलं, तर तो दोन मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त पसरू पाहतो. पण कडा बाजूंना चिकटवलेल्या आणि खालून ब्रेसेस (आधाराच्या पट्ट्या) आडव्या, मग तो पसरणार कुठे? वर येतो. पोट सुटतं, ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात. आवाजही भरड आणि दबलेला होतो, कारण फुगलेला टॉप जड असतो.

कोरड्या हवेत याच्या उलट: टॉप आत बसतो, तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना) लागून बझ करतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, आणि शेवटी टॉपला किंवा ब्रिजच्या कडेला चीर जाते. ओलीनं झालेलं बरंचसं परत फिरतं, चीर मात्र जोडावीच लागते. पुढे सिलिकाबद्दल वाचताना हे लक्षात असू द्या.

लॅमिनेट टॉपची गिटार, म्हणजे यामाहा एफ-310 सारखी किंवा बहुतेक पाच-सात हजारांची, बरंच सोसते. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे रुंदीत हलायला वाव कमी. सॉलिड, म्हणजे थर नसलेल्या अख्ख्या लाकडाच्या टॉपची, उदाहरणार्थ यामाहाचीच एफजी-800, सोसत नाही. बाहेरून चकचकीत पॉलिश आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गिटारच्या पोटात हात घालून पाहा, आत लाकूड उघडंच असतं. ओल तिथूनच शिरते.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर): पहिली खरेदी हीच

मोजल्याशिवाय बाकी काही विकत घेऊ नका. दीडशे-दोनशे रुपयांचा छोटा काळा डिजिटल मीटर केसमध्ये मावतो, पण त्याचा आकडा पाच-सात टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. घड्याळासह येणारा एचटीसी-1 तीनशे-चारशेला मिळतो. त्याच्यावर अधिक-उणे 5 टक्के लिहिलेलं असतं आणि भिंतीवर लावायला तो पुरतो. ब्लूटूथचा सेन्सर हजाराच्या आसपास जातो, पण रात्रभर काय घडलं ते मोबाइलवर दाखवतो. कूलरच्या खोलीसाठी हा खर्च वसूल होतो, कारण दुपारी एक आणि पहाटे चार यांतला फरक नुसत्या आकड्यात दिसत नाही, आलेखात दिसतो.

कोणताही घ्या, आधी त्याची मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात अर्धा चमचा साधं मीठ घ्या आणि थेंबथेंब पाणी टाकून ओल्या रेतीसारखं करा. विरघळू देऊ नका, वर पाणी तरंगलं तर कागदानं टिपून घ्या. झाकण आणि मीटर एकमेकांना न लागता झिपच्या पिशवीत बंद करा आणि दहा-बारा तास एका जागी राहू द्या. पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटर 69 दाखवत असेल तर त्याच्यात 6 मिळवून वाचायचं, आणि पाठीवर तसं पेननं लिहून ठेवायचं. खिडकीत, उन्हात किंवा कूलरजवळ ही परीक्षा घेऊ नका. तापमान हललं की आकडा हलतो.

मीटर दोन हवेत, एक खोलीत आणि एक केसमध्ये. खोलीत 82 आणि केसमध्ये 58 असेल तर केस काम करते आहे. दोन्हीकडे 82 असेल तर आत कितीही सिलिका ओता, उपयोग नाही.

केस आणि बॅग

गिटारसोबत फुकट येणारी कापडी बॅग ओलीच्या बाबतीत शून्य गुणांची. फोमची जाड गिग बॅग धक्क्यासाठी उत्तम, पण फोम ओल धरून ठेवतो आणि चेनमधून हवा येतेच. पावसात भिजलेली बॅग बाहेरून दोन तासांत कोरडी वाटते, आत मात्र दोन दिवस ओलीच असते. तिच्यात गिटार परत ठेवणं हे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट.

प्लायची हार्ड केस साडेतीन-चार हजारांपासून मिळते. घेताना एक साधी चाचणी करा: कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. सगळ्या बाजूंनी फिरून पाहा; बहुतेक केसेस बिजागरीच्या बाजूला घट्ट आणि हँडलच्या बाजूला सैल निघतात. सैल भागात दारांना लावतात ती फोमची चिकटपट्टी लावली, तर पन्नास-शंभर रुपयांत केस दीड पट कामाची होते. झाकण बंद होताना कुलपावर ताण येत असेल तर पातळ पट्टी घ्या.

ही केस ठेवायची कुठे, यावर अर्धं यश अवलंबून आहे. महाल भागातल्या जुन्या घराची तळमजल्याची भिंत असो की मनीषनगरातला फ्लॅट, ओलीच्या जागा ठरलेल्या असतात: जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत. दिवाणाच्या आतली पेटी बहुतेक जण सुरक्षित समजतात. ती तशी नाही. फरशीला टेकलेली, हवा न खेळणारी जागा आहे ती. छताखालचा सज्जाही नको. पावसाळ्यात स्लॅब ओला असतो आणि मे महिन्यात तोच स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. घराच्या मधल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब, अशी जागा शोधा. भिंतीवरचा हँगर दिसायला छान, पण बाहेरच्या भिंतीवर लावलेला हँगर म्हणजे गिटारची पाठ चार महिने ओल्या गिलाव्याला टेकवून ठेवणं.

सिलिका जेल: सर्वात स्वस्त, सर्वात जास्त चुकीचं वापरलं जाणारं

बुटांच्या डब्यात येतात त्या दोन-पाच ग्रॅमच्या पुड्या जमवून केसमध्ये टाकणारे पुष्कळ. त्यानं काय होतं ते पाहू. बंद केसमधल्या हवेत 80 टक्क्यांवरून 50 वर यायला जेमतेम एक ग्रॅम पाणी काढावं लागतं. तेवढं त्या पुड्या करतात, मीटरचा आकडा खाली येतो, माणूस खूश. पण दोन किलोच्या गिटारचं लाकूड 12 टक्क्यांवरून 9 वर आणायचं तर साठेक ग्रॅम पाणी बाहेर यावं लागतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा वर. सिलिका त्या मधल्या पट्ट्यात स्वतःच्या वजनाच्या सुमारे 20 ते 25 टक्के पाणी धरते. म्हणजे एका गिटारला दोनशे ग्रॅम ही सुरुवात, आणि ती एकदा-दोनदा भाजून पुन्हा वापरायची तयारी.

घ्यायची ती केशरी मणी असलेली, ओल घेतली की हिरवी होणारी. निळ्याची गुलाबी होणारी जुनी जात घेऊ नका. तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते घरात भाजण्यासारखं नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटी मिळते, ऑनलाइन किलोचं पाकीट चार-पाचशेपर्यंत पडतं. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चार पुड्या मलमलच्या दुहेरी कापडात शिवा, नाहीतर बारीक भुकटी पॉलिशवर येते. दोन हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) खाली, दोन गिटारच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. साउंडहोलमध्ये टाकू नका. उघड्या लाकडाला टेकून राहिली की तेवढीच जागा जास्त वाळते.

रंगावर विसंबू नका, ही यातली गोम. मणी पूर्ण भरण्याच्या बरेच आधी हिरवे होतात, त्यामुळे हिरवी पुडी निकामी समजून लोक उगाच भाजत बसतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. कोरडी 50 ग्रॅमची पुडी 60-61 ग्रॅमला आली की तिचं काम झालं.

भाजायची ओटीजीमध्ये (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये), 110 ते 120 अंशांवर, बोटाच्या निम्म्या जाडीचा थर पसरून दीड-दोन तास. पुडीतून काढून भाजा, कापडासकट नको. कढईतही होतं, पण आच कळत नाही, मणी फुटतात आणि रंग काळपट पडून खूण जाते. ट्रे वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा नानकटाई नको. कोमट झाली की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. गरम असताना केसमध्ये अजिबात नाही.

आता इशारा. सिलिकाला 50 टक्क्यांवर थांबायचं कळत नाही. घट्ट केसमध्ये चारशे ग्रॅम ताजी सिलिका ठेवली तर ती 30 टक्क्यांपर्यंतही ओढून नेते, आणि मग ओलीतून वाचवलेली गिटार कोरडी पडून तडकते. केसमधला मीटर 48 वर आला की दोन पुड्या काढून घ्या. खूप ओलावलेली गिटार असेल तर एका वेळी एकच पुडी टाका आणि आठवडाभरात 80 वरून 55 वर आणा, एका रात्रीत नाही.

दुतर्फा पाकिटं: बोवेडा 49 आणि ह्युमिडिपॅक

यांत मिठाचं दाट द्रावण असतं आणि पाकिटाच्या पातळ पडद्यातून फक्त वाफ जाते-येते. हवा कोरडी असली तर पाणी सोडतात, ओली असली तर घेतात. बोवेडाचं वाद्यांसाठीचं पाकीट 49 टक्क्यांचं, 70 ग्रॅमचं. दादारिओच्या ह्युमिडिपॅक संचात तीन पाकिटं आणि कापडी पिशव्या येतात. दोन तारांवरून साउंडहोलमध्ये लोंबतात, एक हेडस्टॉकपाशी.

वस्तू हुशार आहे आणि ऑक्टोबर ते मे या काळासाठी नागपुरात हिच्याइतकं बिनडोकेदुखीचं काही नाही. एप्रिलमध्ये पाणी देते, कूलरच्या दिवसांत परत घेते, तुम्हाला काही करावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र हिची ताकद तोकडी पडते. पाकीट पाणी घेऊन घेऊन किती घेणार? गळक्या केसमध्ये किंवा गिग बॅगमध्ये ते एका गिटारसाठी नाही, सगळ्या खोलीच्या हवेसाठी काम करत राहतं आणि थोड्याच आठवड्यांत फुगून पातळ पाण्यासारखं लागतं. कडक झालं की ते संपलं हे सगळ्यांना माहीत असतं. पूर्ण पातळ होऊन फुगलं तरी ओल घेण्याच्या कामातून गेलं, हे पाकिटावर ठळक लिहायला हवं होतं. संच दोन-तीन हजारांना पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तो काढून झिपच्या पिशवीत बंद ठेवा आणि सिलिका वापरा. ओल काढण्यासाठी ह्युमिडिपॅकमध्येच 'ॲब्सॉर्ब' नावाचा वेगळा प्रकार आहे. काम करतो, पण सिलिकाच्या तुलनेत महाग.

दोन्ही एकत्र कधीच नको. सिलिका पाकिटातलं पाणी ओढते, पाकीट आणखी सोडतं, दोघं एकमेकांना संपवतात आणि गिटारला काही मिळत नाही.

ओल शोषणारे डबे, डांबराच्या गोळ्या, तांदूळ

किराण्यात आणि ऑनलाइन मिळणारे पांढऱ्या खड्यांचे डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. ओल खरोखर भरपूर घेतात, खाली पाणी जमा होताना दिसतंही. पण ते साधं पाणी नाही, धातू खाणारं खारं पाणी आहे. कपड्यांच्या आलमारीत चालेल. गिटारच्या केसमध्ये एकदा कलंडला तर ट्यूनर, फ्रेट आणि अस्तर एकदमच गेलं समजा. केसमध्ये अजिबात ठेवू नका. डांबराच्या गोळ्या ओल घेतच नाहीत, फक्त वास देतात. मोज्यात भरलेले तांदूळ नगण्य ओल घेतात आणि पोरकिडे बोलावतात.

डीह्युमिडिफायर

तीनपेक्षा जास्त गिटार असतील, क्लास चालत असेल, किंवा वाद्य उघड्यावरच ठेवायचं असेल तर हा विचार करा. कॉम्प्रेसरचा, दिवसाला 10-12 लिटर पाणी काढणारा, पंधरा हजारांच्या पुढे. खोक्यावरचा लिटरचा आकडा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो. तुमच्या खोलीत 55-60 टक्क्यांवर आल्यावर तो निम्म्याच्या आसपास पाणी काढतो. बारा बाय बाराची खोली, दार-खिडक्या बंद पण फटी आहेत, बाहेर श्रावणाची हवा: अशा खोलीत फटींतून दिवसाला चार ते आठ लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. म्हणजे 10 लिटरचं यंत्र काठावर पास होतं. दाराखालची फट रबराच्या पट्टीनं बंद केली तर निवांत पास होतं, नाहीतर चोवीस तास धडधडत राहतं.

टाकी बहुधा दीड-दोन लिटरचीच असते. भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि हे बरेचदा रात्री दोनला होतं; सकाळी पाहावं तर आर्द्रता पुन्हा 75. मागे नळी लावायची सोय असलेलाच घ्या आणि नळी उतारानं बाथरूममध्ये सोडा. सेटिंग 50-55 वर, 40 वर नको. 250 वॉटचं यंत्र दहा तास चाललं तर अडीच युनिट. खोली दोन-तीन अंशांनी गरम होते. पावसाळ्यात सोसतं, सप्टेंबरच्या उकाड्यात नकोसं होतं. झोत गिटारवर नको, तीन-चार फुटांचं अंतर असू द्या.

दोन-अडीच हजारांचे 'मिनी' डीह्युमिडिफायर कॉम्प्रेसर नसलेले, पेल्टियरचे असतात, दिवसाला जास्तीत जास्त पाव-अर्धा लिटर काढणारे. खोलीसाठी ते खेळणं आहे, जाहिरातीत काहीही चौरस फूट लिहिलेले असोत. नीट बंद होणाऱ्या आलमारीत मात्र एक-दोन गिटारांसाठी चालतात.

एसी आधीच असेल तर वेगळं यंत्र घेण्याआधी तो वापरून पाहा. ड्राय मोडवर किंवा 26 अंशांवर रोज तीन-चार तास चालवला तर आर्द्रता 55-60 पर्यंत येते. बंद केल्यावर तासाभरात वर जाते, म्हणून एसी चालू असताना केस उघडी ठेवा आणि तो बंद करण्याआधी केस लावून घ्या: कोरडी हवा आत कैद होते. एसीच्या खोलीतून गिटार थेट जुलैच्या बाहेरच्या हवेत काढू नका. थंड तारांवर आणि पॉलिशवर दव धरतं. अर्धा तास बंद केसमध्ये राहू द्या, मग उघडा.

पावसाळ्यात दुरुस्ती करून घेताना

ऑगस्टमध्ये ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) वाढली म्हणून गिटार दुकानात जाते आणि बरेचदा सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) घासून कमी केला जातो. वाजवायला लगेच मऊ वाटते. नोव्हेंबरात टॉप खाली बसतो आणि तीच गिटार प्रत्येक फ्रेटवर बझ करते. घासलेला सॅडल परत वाढत नाही. आधी मोजा. बाराव्या फ्रेटवर जाड सहाव्या तारेखाली अंतर 2.4 मिलिमीटरच्या आसपास असायला हवं. ते 3 च्या पुढे गेलं असेल तर नेकची रिलीफ, म्हणजे मानेचा बाक, पाहा: पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरपर्यंत फट असेल तर नेक ठीक आहे, दोष फुगलेल्या टॉपचा आहे. अशा वेळी ट्रस रॉड (नेकमधली, बाक बदलणारी सळई) फिरवून काही साधत नाही. आधी दोन आठवडे केसमध्ये सिलिकासह वाळू द्या. तरीही पावसाळ्यात वाजवायलाच हवी असेल तर मूळ सॅडल जपून ठेवा आणि थोडा बुटका दुसरा बनवून घ्या; हाडाचा कोरा तुकडा काही शेकड्यांत मिळतो आणि सॅडल बदलायला तारा सैल करण्याइतकाच वेळ लागतो.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकत असेल तर मात्र थांबू नका. तारा उतरवा आणि कारागिराकडे न्या. ताणाखाली तो उचकटत जातो आणि टॉपचे तंतू सोबत घेऊन येतो.

बुरशी दिसली तर गिटार कोरड्या मऊ कापडानं पुसा, आणि केस रिकामी करून तिचं अस्तर कडक उन्हात उघडं ठेवा. गिटार उन्हात नाही, फक्त केस.

दसऱ्यानंतर हवा हळूहळू कोरडी होते आणि खोलीतला मीटर कधीतरी 50 च्या खाली येतो. त्या दिवशी सगळी सिलिका केसमधून बाहेर काढा. ती आत राहिलेली केस हिवाळ्यातल्या चिरांचं नेहमीचं कारण. पुड्या भाजून डब्यात बंद करा, झाकणावर प्रत्येकीचं कोरडं वजन लिहा, आणि बाजूला ठेवलेलं बोवेडाचं पाकीट, ते अजून लवचिक असेल तर, पुन्हा केसमध्ये घाला.